कॅलिब्रेशन रविवारी, घाट सोमवारी

साताऱ्यात राहणाऱ्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख लपवून त्याचा गाभा देते. त्यांच्या पत्नी यवतेश्वर घाट चढून वरच्या एका गावात शिकवायला जातात. डावा गुडघा दुखत असल्याने क्लच दाबणं जमेना, म्हणून ३ वर्षांपूर्वी त्यांनी दोन पेडलची छोटी एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप चालणारी) गाडी सेकंडहँड घेतली. गाडी २०१७ ची, आता ७२ हजार किलोमीटर झालेली. या पावसाळ्यापासून ती घाटात पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना झटका मारते, चढावर थांबून निघताना अडखळते. शिवाय सकाळी पार्किंगमधून मागे काढताना रिव्हर्स पडत नाही, पॅनेलवर ‘एन’ (न्यूट्रल) लुकलुकत राहतो. सोमवारी तर हमखास. गॅरेजने क्लच सेट, ॲक्च्युएटर आणि ‘प्रोग्रॅमिंग’ असं मिळून ४८ हजारांचं इस्टिमेट दिलं. वाचकांनी व्हिडिओ पाहून चार लिटर ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ब्लूटूथवर चालणारा एक स्कॅनर मागवला आहे. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल बदलायचं आणि गिअरबॉक्स ‘रिकॅलिब्रेट’ करायचा, असा बेत. पत्नीने स्पष्ट सांगितलंय, ‘तुम्ही प्रयोग करणार असाल तर मी ती गाडी घाटात नेणार नाही.’ मेहुणे म्हणतात, विकून टाका. वाचक विचारतात, ‘स्वतःच्या गाडीला हात लावणं हा एवढा गुन्हा आहे का? आणि हिला यातलं काही कळत नसताना माझ्यावर इतकाही भरवसा नसावा?’

नमस्कार,

आधी तातडीचं सांगते. ऑइलच्या डब्यांचं सील फोडू नका. परत घेत असतील तर आजच परत करा. तुम्ही मागवलेलं ऑइल बहुधा तुमच्या गाडीसाठी नाहीच.

दोन पेडलच्या गाड्या बाहेरून सारख्या दिसतात, आत मात्र चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि तुमची एएमटी. व्हिडिओत ज्या गिअरबॉक्सखाली लालसर ऑइलची धार लागलेली तुम्ही पाहिलीत, तो टॉर्क कन्व्हर्टरचा. तुमच्या गाडीत सरळ साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. त्याला तीच क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, तसेच दात. फरक इतकाच की क्लच दाबायला पाय नाही आणि गिअर टाकायला हात नाही. दोन्ही कामं ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देणारा छोटा संगणक, म्हणजे टीसीयू, कुठे किती दाबायचं ते ठरवतो. आपल्याकडे २०१४ साली मारुतीने सेलेरिओत ही व्यवस्था आणली आणि ती स्वस्त पडते म्हणून बाकीच्या कंपन्यांनीही आपापल्या छोट्या गाड्यांत बसवली.

त्यामुळे तुमच्या गिअरबॉक्सला लागतं ते मॅन्युअलचंच ऑइल. अशा बहुतेक छोट्या गाड्यांना ७५डब्ल्यू मालिकेतलं, जीएल-४ दर्जाचं ऑइल चालतं. नेमका ग्रेड आणि नेमकं माप गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, तेच प्रमाण माना. दुकानदार ‘हे त्याच्याहून भारी’ म्हणत जीएल-५ पुढे करेल. ते हायपॉइड, म्हणजे ॲक्सलमधल्या तिरप्या दातांच्या गिअरसाठी असतं, त्यातली गंधकयुक्त रसायनं गिअर विनाधक्का जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना मानवतीलच असं नाही. इथे भारी म्हणजे चांगलं नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. तुमच्या पत्रात ‘रिकॅलिब्रेट’ हा शब्द वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ ‘दुरुस्त’ असाच गृहीत धरलेला दिसतो. मोबाइल अडकला की बंद-चालू करतो, तसंच काहीतरी. मला तुमचं हे गृहीतक जरा हलवायचं आहे.

कॅलिब्रेशनमध्ये घडतं काय? टीसीयू ॲक्च्युएटरला प्रत्येक गिअरच्या टोकापर्यंत नेऊन बघतो आणि कुठला गिअर नेमका कुठे लागतो त्याची नोंद घेतो. मग इंजिन चालू ठेवून क्लच हळूहळू सोडतो आणि प्लेट कुठल्या बिंदूवर ‘पकडायला’ लागते ते टिपतो. गॅरेजमध्ये याला किस पॉइंट म्हणतात. मॅन्युअल चालवणारा माणूस हा बिंदू डाव्या पायाने ओळखतो, इथे तो आकड्यात साठवलेला असतो. प्लेट झिजत जाते तसा हा बिंदू सरकतो आणि टीसीयू रोजच्या चालवण्यातून थोडं थोडं शिकत स्वतःला जुळवून घेतो. क्लच नवा बसवला, ॲक्च्युएटर बदलला, गिअरबॉक्स खाली उतरवला, तर जुने आकडे निरुपयोगी होतात. तेव्हा स्कॅनर लावून नव्याने शिकवावं लागतं. कॅलिब्रेशनचा खरा उपयोग तिथे.

पण प्लेटच संपत आली असेल, तर? मोतीबिंदू पिकलेल्या माणसाच्या चष्म्याचा नंबर बदलून काय होणार! झिजलेल्या क्लचवर कॅलिब्रेशन मारलं तर काही दिवस गाडी बरी चालल्यासारखी वाटते, कारण संगणकाने ताजा बिंदू पकडलेला असतो. मग पुन्हा झटके सुरू. शिवाय एक धोका राहतोच. ही प्रक्रिया मध्येच तुटली, म्हणजे ब्लूटूथ गेलं किंवा बॅटरीने दम टाकला, तर काही गाड्यांत टीसीयू अर्धवट आकड्यांवर अडकतो आणि गिअर टाकायलाच नकार देतो. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये न हलणारी गाडी आणि सोमवारी सकाळी शाळा, असा तो प्रसंग.

तुमच्या स्कॅनरबद्दलही सांगायला हवं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (तपासणीच्या सॉकेटला) लावायची ही स्वस्त उपकरणं इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचतात. प्रदूषणाच्या नियमांसाठी ठरलेली माहिती त्यांना मिळते. गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलायची, त्याला हालचाली करायला लावायची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. बहुतेक स्वस्त ॲपना ती येत नाही. काही ॲपमध्ये ‘रिसेट अडॅप्टेशन’ नावाचं बटण दिसतं, ते दाबण्याचा मोह आवरा. शिकलेले आकडे पुसले जातील आणि पुन्हा शिकवायचं साधन तुमच्याकडे नसेल.

म्हणून स्कॅनर वाया गेला असं मात्र नाही. त्यावर पी ०७०० दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, पुढची चौकशी त्याच्याकडे करा. पी ०५६२ म्हणजे विजेचा दाब कमी. पी ०५०४ म्हणजे ब्रेक स्विचच्या दोन संकेतांत मेळ नाही. पी ०८१० दिसलं तर क्लचची जागा सांभाळण्यात गडबड आहे. हे कोड कागदावर उतरवा, फोटो काढा आणि काहीही पुसू नका. ‘क्लिअर’ दाबल्यावर लाइट जातो, पण सोबत मेकॅनिकला लागणारा पुरावाही जातो.

आता तुमच्या पत्रातलं तिसरं पान. मी ते दोनदा वाचलं. तुम्ही ओघात लिहिलंय की बॅटरी आधीच्या मालकाचीच आहे आणि ‘स्टार्टर मारताना हेडलाइट मंद होतात, पण जुन्या गाडीचं तसं असतंच’. नसतं हो! निदान इतकं नसतं. आपल्याकडच्या उन्हात गाडीची बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते. तुमच्या हातात गाडी येऊनच ३ वर्षं झाली. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यापासून सोमवार सकाळपर्यंत गाडी उभी असते आणि नेमका सोमवारीच रिव्हर्स पडत नाही. हा योगायोग मला पटत नाही.

एएमटीत विजेवर फार काही अवलंबून असतं. तुमच्या गाडीत हायड्रॉलिक प्रकारचा ॲक्च्युएटर असावा, कारण ड्रायव्हरचं दार उघडल्यावर ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो असं तुम्हीच लिहिलं आहे. तो पंपाचा आवाज. इंजिन सुरू होण्याआधीच पंप तेलाचा दाब भरून ठेवतो. बॅटरी थकलेली असेल तर स्टार्टरने तिचा उरलासुरला जोर खाल्ल्यावर नेमकं पहिला गिअर मागताना व्होल्टेज पडलेलं असतं आणि टीसीयू सावधगिरी म्हणून ‘एन’ सोडत नाही. रिव्हर्समध्येच खोट आहे असं कशावरून? तुम्ही गाडी भिंतीकडे तोंड करून लावता, म्हणून सकाळचा पहिला गिअर रिव्हर्स असतो, एवढंच कारण असू शकेल. एकही रुपया न खर्चता हे तपासता येतं. या शनिवारी गाडी उलटी लावा, तोंड बाहेर. सोमवारी पहिला गिअरही पडला नाही, तर रिव्हर्स निर्दोष. पहिला सुरळीत पडला आणि रिव्हर्स मागितल्यावर तेवढाच अडला, तर मात्र शोध ॲक्च्युएटरकडे न्यायचा.

म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. सकाळची एक, घाटातली एक. गॅरेजने दोन्ही एका इस्टिमेटमध्ये गुंडाळल्या आणि तुम्ही दोन्ही एका रविवारी सोडवायला निघालात. दोघांचीही घाई सारखीच आहे, माफ करा.

घरी हात लावायची तुमची हौस इथे कामी येईल. एक मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी भरलेली. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी बदलायची वेळ आली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली असेल तर गाडी बंद करून, आधी निगेटिव्ह सोडवून, स्वच्छ करा. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर हलवून बघा, ढिली असेल तर कसा. मग संध्याकाळी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकचा लाइट दर वेळी लागतो का? ब्रेक दाबल्याचा संकेत मिळाला नाही तर एएमटी उभ्या गाडीत गिअर टाकत नाही, आणि तो स्विच अगदी किरकोळ किमतीचा असतो. इंजिनाचे माउंट बसले असतील तरी गिअर बदलताना झटका लागतो. ते गॅरेजमध्ये तपासून घ्या. 

हायड्रॉलिक तेलाची वेगळी छोटी टाकी असते, गिअरबॉक्सच्या ऑइलशी तिचा संबंध नाही. तिची पातळी दुरून बघायला हरकत नाही. मात्र दाब भरलेला असताना आणि उतरल्यावर ती वेगवेगळी दिसते, त्यामुळे कमी वाटली म्हणून अंदाजाने वर ओतू नका. पंप किती वेळा सुरू होतो तेही ऐका. सपाटीवर गिअर न बदलता चालतानाही तो सारखा घुरघुरत असेल तर दाब कुठेतरी गळतोय किंवा दाब साठवून ठेवणारा ॲक्युम्युलेटर थकलाय. या व्यवस्थेचे पाइप आणि नट घरी सोडवायचे नाहीत, इथे माझा ठाम नकार आहे. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो. या तेलाचा दाब ४०-५० बार असतो. नट ढिला केल्यावर उडणारी बारीक धार कातडीत घुसू शकते, डोळ्यांची तर बातच सोडा.

गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलता येतं का? येतं. कठीण नाही. पण तुमच्या सोसायटीचं पार्किंग उताराचं आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथे नको. एएमटीला ‘पी’, म्हणजे चाकं अडवून ठेवणारा पार्किंगचा खटका, नसतो. चाक उचललं की गाडी हँडब्रेकवर आणि अडवणीच्या दगडांवर उभी, आणि तुम्ही तिच्याखाली. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये हे तुम्हाला ठाऊक असेलच. ओळखीच्या गॅरेजमधला पिट तासाभरासाठी मिळतो, तिथे उभे राहून स्वतःच्या हाताने करा. आधी भरण्याचा प्लग उघडून बघायचा, मगच ड्रेनचा. वरचा जाम निघाला आणि तोवर खालून सगळं ऑइल गेलेलं असलं, तर गाडी तिथेच मुक्कामी. वॉशर नवा घाला, पाना जोर लावून पिळू नका, घर ॲल्युमिनियमचं असतं. काढलेल्या ऑइलला बारीक सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजतायत. लोखंडाचे बोचरे कण लागले तर ऑइल बदलून भागणार नाही. जुनं ऑइल गटारात किंवा मोकळ्या जागेत ओतू नका, कायद्याने तो घातक कचरा आहे. गॅरेजच्या पिंपात जाऊ द्या.

हे सगळं नीट केलंत तरी घाटातला झटका जाईल असं मी म्हणणार नाही. ऑइल आत दातांना आणि बेअरिंगला लागतं. तुमच्या गाडीचा क्लच कोरडा आहे, तो त्या ऑइलमध्ये नसतोच.

याच सदरात दुसऱ्या प्रकारच्या गाड्या असलेलेही बरेच वाचक आहेत, त्यांच्यासाठी थोडं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ड्रेन प्लग उघडला तरी साधारण अर्धंच ऑइल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. कित्येक गाड्यांना डिपस्टिक नसते. गाडी एका पातळीत उभी करून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आलं की ओव्हरफ्लोच्या भोकातून पातळी ठरवायची असते. जॅकवर तिरक्या उभ्या गाडीत हे जमत नाही. सीव्हीटीला तिच्यासाठीच बनवलेलं ऑइल लागतं, कारण तिथे धातूचा पट्टा आणि पुली एकमेकांना घर्षणाने धरून ठेवतात. चुकीच्या ऑइलने पट्टा घसरला की गिअरबॉक्सच जातो. ड्युअल क्लचमध्ये ओला आणि कोरडा असे दोन प्रकार, दोघांची देखभाल निराळी. या तिघांना घरी हात लावू नये असंच माझं मत आहे. मात्र ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचंच नाही’ यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते, त्याच गिअरबॉक्सच्या गाड्या विकणारे काहीही म्हणोत.

परत तुमच्या घाटाकडे येते.

कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या वळणांवर गाड्यांची रांग कशी लागते ते तुम्ही रोज बघता. त्या रांगेत चढावर एएमटी एक्सलरेटरवर तोलून धरली, की क्लच अर्धा लागलेला, अर्धा सुटलेला राहतो. प्लेट घासते, तापते, जळकट वास येतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हा ताण तेल झेलतं. तुमच्यात सगळं त्या एका प्लेटवर. ७२ हजार किलोमीटर, त्यातले निदान ३ वर्षं रोज घाट, आधीच्या मालकाने कशी चालवली ते ठाऊक नाही. क्लच खरंच संपत आला असण्याची शक्यता चांगलीच आहे. गॅरेजवाला लुबाडतोच आहे असं समजून चालू नका.

तो खरं बोलतोय का, हे विचारण्याची पद्धत आहे. कंपनीच्या पूर्ण स्कॅनरची सोय असलेल्या ठिकाणी गाडी न्या. आधी फक्त स्कॅनचे पैसे भरा आणि अहवालाची प्रत मागा. क्लचची झीज किंवा किस पॉइंटचा आकडा बऱ्याच एएमटींच्या स्कॅनरवर दिसतो. ‘नव्या क्लचला तो किती असतो, माझा किती आहे, आणि बदलायची मर्यादा किती’ हे तीन प्रश्न विचारा. इस्टिमेट फोडून मागा. क्लच सेट वेगळा, मजुरी वेगळी, ॲक्च्युएटर वेगळा, कॅलिब्रेशन वेगळं. ॲक्च्युएटर बदलायला कोणत्या कोडचा आधार आहे, हेही विचारा. बॅटरी नवी घातल्यावर सकाळची तक्रार गेली तर इस्टिमेटमधली ती ओळ बहुधा गळेल, आणि ती स्वस्त ओळ नसते. क्लच करायचाच ठरला तर रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला, गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी कोण भरणार? जुने पार्ट परत घ्या.

या साधनांवर कंपन्यांचा ताबा असल्याची तुमची चीड मात्र निराधार नाही. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं. तरी बाहेरच्या चांगल्या गॅरेजकडे आज बऱ्यापैकी स्कॅनर असतात, विचारपूस करा. बिलावरून वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

मेहुण्यांचा सल्लाही बघू. झटके मारणारी गाडी विकायला काढली तर घेणारा त्याच ४८ हजारांवर बोट ठेवून किंमत पाडणार. दोष लपवून विकायची तर ती घेऊन दुसरं कुणीतरी घाट चढणार. आणि बदल्यात तुम्हाला पुन्हा दोन पेडलचीच गाडी लागणार आहे, गुडघा तोच आहे. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जात नसेल तर मी विकायला सांगणार नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलं गेलं.

‘हिला यातलं काही कळत नाही’ असं तुम्ही लिहिता. पण झटका पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाच लागतो, तिसऱ्यावर नाही, हे कुणी टिपलं? चढावर थांबून निघतानाच अडखळते, हे? सोमवारचं? तुम्ही आठवडाभर दुचाकीवर ऑफिसला जाता असं पत्रातच आहे. म्हणजे या गाडीबद्दल आपल्याला जे जे कळलंय ते सगळं त्यांनी सांगितलेलं आहे. मी इतकी पानं लिहू शकले ती त्यांच्या निरीक्षणांवर. गाडी थंड असताना झटका कमी लागतो की जास्त? एसी बंद केल्यावर फरक पडतो का? वास येतो का, आणि कुठल्या वळणानंतर? हे प्रश्न तुम्ही त्यांना विचारा आणि त्यांना आठवतील ती उत्तरं वहीत लिहा. गॅरेजमध्ये जाताना त्यांना सोबत न्या. मेकॅनिक तुमच्याकडे बघून बोलायला लागला तर ‘गाडी या चालवतात, यांना विचारा’ एवढं म्हणा.

त्यांनी ‘गाडीला हात लावू नका’ म्हटलेलं नाही. ‘प्रयोग केलात तर मी घाटात नेणार नाही’ म्हटलंय. प्रयोग फसला तर तो रविवारी पार्किंगमध्ये कळणार नाही. सोमवारी चढाच्या वळणावर, मागे एसटी लागलेली असताना, गाडी ‘एन’वर गेली की कळेल, आणि तेव्हा आत त्या असतील. हा भरवशाचा प्रश्न मला दिसत नाही. तुमच्या जागी कंपनीचा इंजिनीअर असता तरी त्यांनी हेच विचारायला हवं होतं.

तेव्हा कामाची वाटणी अशी सुचवते. बॅटरी, टर्मिनल, ब्रेक स्विच, कोडची नोंद, आणि पिट मिळाल्यास गिअरबॉक्सचं ऑइल, हे तुमचं. क्लच, हायड्रॉलिक तेल आणि कॅलिब्रेशन बाहेर. तुमच्या कामातलं प्रत्येक काम झालं की त्यांना सांगा, काय केलं आणि काय सापडलं. काम पूर्ण होईपर्यंत घाटात ती गाडी नकोच. त्यांना एसटीने जाता येत असेल तर तसं, नाहीतर काही दिवस तुम्ही सोडा.

गाडी दुरुस्त झाल्यावरही सवयी बदलाव्या लागतील, दोघांनाही. चढावर थांबलात तर ब्रेक किंवा हँडब्रेक, एक्सलरेटर नाही. रांगेत पुढची गाडी हातभर सरकली की लगेच सरकू नका, चांगली जागा होऊ द्या आणि एका दमात पुढे जा. घाट चढताना आणि उतरताना मॅन्युअल मोडमध्ये गिअर स्वतः धरा. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. घाटात कधी ‘एन’ लुकलुकला तर ब्रेक दाबून ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, चारही इंडिकेटर लावायचे, गाडी बंद करून क्षणभर थांबायचं, मग ब्रेकवर पाय ठेवूनच पुन्हा सुरू करायची. हे सपाट मैदानात एकदा करून बघा, म्हणजे वेळ आली तर हात आपोआप जातील.

क्लच नवा बसवला तर कॅलिब्रेशन झाल्याचा स्कॅनचा कागद मागून घ्या. नव्या प्लेटला बसायला काही दिवस लागतात, सुरुवातीला गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटतील. तरी गॅरेजच्या माणसाला शेजारी बसवून एक फेरी यवतेश्वरची व्हायलाच हवी, आणि स्टिअरिंगवर तुमच्या पत्नी. चढावर मुद्दाम थांबून, निघून, पहिल्यावरून दुसऱ्यावर नेऊन बघू द्या. बिल त्या फेरीनंतर भरा.